४१५ ची बासरी आणि काळी एकची पेटी: बरोक सुषिर वाद्यांच्या व्हर्च्युअल लायब्ररी पहिल्यांदाच वापरणाऱ्यांसाठी

सतराव्या-अठराव्या शतकातल्या, म्हणजे बरोक काळातल्या, युरोपी लाकडी वाद्यांचा आवाज एकांकिकेच्या पार्श्वसंगीतात हवा असतो, सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडे नाताळच्या क्वायरला हवा असतो, कधी भजनातल्या एखाद्या तुकड्यालाही हवा असतो. खरं वाद्य मिळणं अवघड. मिळालंच तर मृग लागल्यावर लाकूड फुगतं, दोरा गुंडाळलेले सांधे घट्ट बसतात आणि भोकांचं माप बदललं की सूर हलतो. म्हणून बहुतेकजण सॅम्पल लायब्ररीकडे वळतात. जुन्या वाद्याच्या प्रतिकृतीवर वादकाने एकेक स्वर वाजवायचा, तो ध्वनिमुद्रित करायचा आणि कीबोर्डच्या पट्टीला बांधायचा, इतकीच ही कल्पना. गोंधळ पुढे सुरू होतो आणि त्यातला निम्मा पट्टीचाच असतो. म्हणून सुरुवात पैशापासून नाही, पट्टीपासून करू.

१. आधी पट्टी ठरवा

आज ए (आपली पांढरी सहा) म्हणजे ४४० हर्ट्झ हे सगळ्यांनी धरलेलं आहे. बरोक काळात प्रत्येक शहराची पट्टी वेगळी होती, इतकी की बासरीवादक एकाच बासरीसाठी लांबीला कमीजास्त असे मधले तुकडे सोबत बाळगत. आजच्या बरोक वादकांनी सोयीसाठी काही आकडे ठरवून घेतले आहेत. सर्वसाधारण बरोक संगीतासाठी ४१५, फ्रेंच संगीतासाठी ३९२, आणि उंच पट्टीसाठी ४६५. बहुतेक लायब्ररी ४१५ च्या वाद्यांवरून केलेल्या असतात.

पेटीवरच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट. ४४० आणि ४१५ यांत १०१ सेंटचं, म्हणजे जवळजवळ नेमकं एका पट्टीचं अंतर आहे. त्यामुळे ४१५ च्या वाद्यावर डी वाजवला की ४४० च्या पेटीवर सी शार्प ऐकू येतो. सी शार्प म्हणजे आपली काळी एक.

ट्रॅव्हर्सो, म्हणजे एका चावीची आडवी बरोक बासरी, मुळात डी ची. डी, जी आणि ए या स्वरांवर सा धरला की ती मोकळी वाजते. ४१५ वर हे तिन्ही आपल्याकडे काळी एक, काळी तीन आणि काळी चार होतात. म्हणजे गाणारा या तिन्हींपैकी एका पट्टीत गात असेल तर ४१५ ची ट्रॅव्हर्सो काही न बदलता पेटीशी जुळते. आल्टो रेकॉर्डर, म्हणजे तोंडाशी शिट्टीसारखी फट असलेली उभी बासरी, एफ चा आहे. त्याच्या सोयीच्या एफ, बी फ्लॅट आणि सी या जागा ४१५ वर पांढरी तीन, पांढरी सहा आणि पांढरी सात अशा पडतात.

गायक पांढरी एकला गात असेल तर ३९२ ची लायब्ररी शोधा. तिथे डी वाजवला की सी ऐकू येतो. पांढरी दोनसाठी ४४० आणि काळी दोनसाठी ४६५.

एक सावधगिरी. जुनी पेटी ४४० ला असेलच असं धरू नका, दशावताराच्या पायपेट्या तर नाहीच. मोबाईलमधल्या ट्यूनरवर पेटीचा ए मोजा. ४३६ दाखवला तर लायब्ररीही तितकीच, म्हणजे साधारण १६ सेंट, खाली आणायची.

२. कोणतं वाद्य, किती सप्तकं

रेंज मिडीच्या (कीबोर्ड आणि कॉम्प्युटर ज्या भाषेत बोलतात तिच्या) नंबरात लिहून ठेवा. मधल्या सी ला कुणी सी ३ म्हणतं, कुणी सी ४ आणि एफएल स्टुडिओ सी ५. नंबर मात्र सगळीकडे ६० च.

ट्रॅव्हर्सो: ६२ ते ८८. आल्टो रेकॉर्डर: ६५ ते ९१. बरोक ओबो: ६० ते ८६. बरोक बसून (ओबोच्या जातीचं, खालच्या सुरांचं लांब वाद्य): ३४ ते ६७.

याच्या वर-खाली लायब्ररीत स्वर दिसले तर ते शेजारच्या सॅम्पलला ताणून केलेले असतात. वापरू नका. बरोक ओबोला सगळ्यात खालचा सी आहे, पण त्याच्या लगतचा सी शार्प नाही. लायब्ररीत तो असला तरी सुरावटीतून काढलेला बरा.

सनई ऐकत वाढलेल्या कानाला ओबो ओळखीचा वाटेल, कारण दोन्हीकडे दोन पात्यांची जिव्हाळी आहे. पण सनईवादक बोटं सरकवून जी मींड काढतो ती बरोक ओबोच्या लिपीत नाही. सूर सरकवणारं पिचबेंडचं चाक फिरवून ओबोवर मींड काढली की धड ओबो राहत नाही, धड सनई होत नाही. मींड हवी असेल तर सनईच घ्या, गावात सनईवाले आहेत.

३. सामान

लॅपटॉप: ८ जीबी रॅम चालते, एसएसडी हवीच. फिरत्या हार्ड डिस्कवरून सॅम्पल वाचताना जलद तानेत स्वर गळतात.

मिडी कीबोर्ड: ४९ पट्ट्यांचा. २५ चा घेतलात तर रेंजही पूर्ण बसत नाही, शिवाय वाजवण्याची पद्धत बदलणारे कीस्विच खाली राहून जातात आणि दर वेळी ऑक्टेव्हचं बटण दाबावं लागतं.

दोन चॅनलचा ऑडिओ इंटरफेस. नसेल तर विंडोजवर एएसआयओफोरऑल हा मोफत ड्रायव्हर काम भागवतो.

तारेचे हेडफोन. ब्लूटूथवर पट्टी दाबल्यापासून आवाज येईपर्यंत जाणवेल इतका उशीर होतो, मग तुम्ही नकळत घाईने वाजवू लागता.

पायाने आवाज लहानमोठा करायचं एक्स्प्रेशन पेडल. जमलं तर फुंकून चालवायचा ब्रेथ कंट्रोलर. या वाद्यांसाठी महागडा कीबोर्ड घेण्यापेक्षा ब्रेथ कंट्रोलरवर केलेला खर्च जास्त वसूल होतो.

यूपीएस, सिलिका जेलच्या पुड्या आणि कॉन्टॅक्ट क्लीनर. खाऱ्या हवेने जॅकच्या टोकांवर थर बसतो आणि खरखर सुरू होते. मालवण-देवगडला समुद्राजवळ घर असेल तर केबल हवाबंद डब्यात ठेवा आणि पावसाळ्यात जॅक पंधरा दिवसांनी पुसा.

सॉफ्टवेअरमध्ये मुद्रण आणि मांडणी करणारं रीपर ६० दिवस पूर्ण चालवून बघता येतं. सॅम्पल वाजवायला डिसेंट सॅम्पलर आणि स्फोर्झांडो दोन्ही मोफत आहेत.

४. लायब्ररी घेण्याआधी काय बघायचं

पहिला प्रश्न फॉरमॅटचा. कॉन्टॅक्ट या सॅम्पलर सॉफ्टवेअरची लायब्ररी असेल तर ती मोफत कॉन्टॅक्ट प्लेयरमध्ये चालते की पूर्ण विकतचा कॉन्टॅक्ट लागतो, हे आधी वाचा. प्लेयरचा परवाना नसलेली लायब्ररी मोफत प्लेयरमध्ये उघडते, वाजते आणि थोड्या मिनिटांनी बंद पडते. लोकांना लॅपटॉप बिघडला असं वाटतं. एसएफझेड आणि एसएफ२ या फॉरमॅटच्या लायब्ररी स्फोर्झांडोत उघडतात.

दुसरा प्रश्न: सॅम्पल किती स्वरांची आहेत? तीन-तीन स्वर सोडून एक मुद्रित केला असेल आणि मधले ताणलेले असतील, तर या वाद्यांच्या बाबतीत सगळं वाया गेलं. कारण असं.

ट्रॅव्हर्सोला चावी एकच. डी मेजरमधले स्वर सरळ बोटांनी निघतात, पण एफ, जी शार्प, बी फ्लॅट यांसाठी मधलं भोक उघडं ठेवून खालची झाकावी लागतात. याला फोर्क बोटं म्हणतात. असे स्वर झाकलेले, दबके, थोडे घोगरे येतात. त्या काळच्या रचनाकारांनी हा रंग ओळखून वापरला आहे. दुःखाची जागा आली की दबके स्वर, आनंदाची आली की मोकळे. हा चढउतार म्हणजेच त्या वाद्याचा स्वभाव. प्रत्येक स्वर वेगळा मुद्रित केलेला नसेल तर हा स्वभाव उरत नाही आणि हातात येते एक मवाळ आधुनिक बासरी. त्यामुळे डेमो ऐकताना सुरावट ऐकू नका. डी पासून वर एकेक स्वर क्रमाने ऐका. सगळे एकसारखे गुळगुळीत वाटले तर सोडून द्या.

याच कारणाने, लायब्ररी उघडल्यावर स्वरांचा आवाज सारखा करायला कॉम्प्रेसर (लहानमोठा आवाज एका पातळीवर आणणारा इफेक्ट) लावू नका. नवीन माणूस पहिल्याच दिवशी ही चूक करतो, कारण यूट्यूबवरचा प्रत्येक धडा तेच शिकवतो.

तिसरा प्रश्न परवान्याचा. मोफत लायब्ररीत पुष्कळदा व्यावसायिक वापराला मनाई असते. तिकीट लावलेलं नाटक व्यावसायिकच धरलं जाईल. आणि सुटी सॅम्पल दुसऱ्याला देणं जवळजवळ सगळ्याच परवान्यांत निषिद्ध आहे, मंडळातल्या मित्रालाही.

५. उतरवून घेताना

फाइल मोठ्या असतात. स्टिरिओ, २४ बिट, ४८ किलोहर्ट्झचं एक मिनिट सुमारे १७ एमबी होतं. घाटाखालच्या गावात नेट मध्येच तुटणार हे धरून चाला आणि अर्धवट राहिलेलं पुढे सुरू करणारा डाउनलोडर वापरा. तालुक्याच्या गावी जाऊन पेन ड्राइव्हवर आणणार असाल तर तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून न्या. फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी एकच फाइल बसत नाही, आणि हे नेमकं तिथे पोचल्यावर कळतं. तुकड्यांत आलेली रार फाइल उघडताना सगळे तुकडे एकाच फोल्डरमध्ये हवेत.

एकदा बसवलेली लायब्ररी दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवू नका. प्लेयरला पत्ता सापडत नाही आणि सॅम्पल हरवल्याची तक्रार येते.

६. पट्टी जुळवणं: ट्यून की ट्रान्सपोज

लायब्ररी उघडा, कीबोर्डवर ए दाबा आणि ट्यूनर बघा.

४१५ दाखवलं तर पट्ट्या वाद्याच्या बोटांप्रमाणे लावल्या आहेत. ही सगळ्यात चांगली व्यवस्था. बरोक स्वरलिपी समोर ठेवून जशीच्या तशी वाजवा.

४४० दाखवलं तर दोन शक्यता. एक, पट्ट्या ऐकू येणाऱ्या स्वराप्रमाणे लावल्या आहेत. दोन, सॅम्पल वर ताणून ४४० ला आणली आहेत. ओळखायची खूण सोपी आहे. एफ आणि त्याच्या आधीचा ई आलटून पालटून वाजवा. दबका स्वर एफ वर असेल तर सॅम्पल ताणलेली आहेत, ई वर असेल तर ऐकू येणाऱ्या स्वराप्रमाणे लावलेली आहेत.

आता पट्टी बदलायची झाली तर दोन मार्ग आहेत आणि त्यांचे परिणाम वेगळे आहेत.

ट्रान्सपोज केलं, म्हणजे सगळे मिडी स्वर एक पट्टी सरकवले, तर सॅम्पल शुद्ध राहतात पण बोटं बदलतात. डी मेजरची चाल डी फ्लॅटवर गेली की मोकळे स्वर दबके होतात. चाल तीच, रंग पडलेला. शिवाय सीक्वेन्सरमध्ये (रीपरसारख्या, स्वर मांडून ठेवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) सगळे स्वर एकत्र निवडून सरकवलेत तर कीस्विचचे स्वरही सरकतात, आणि जिथे लांब स्वर हवा तिथे तुटक वाजायला लागतं. आधी कीस्विच वेगळ्या ट्रॅकवर काढा.

ट्यून केलं, म्हणजे सेंटचा नॉब फिरवला, तर बोटांचा रंग टिकतो पण सॅम्पल ताणलं जातं. ५० सेंटपर्यंत कानाला फार खटकत नाही. १०० सेंट खाली आणलं तर फुंकीचा आवाज जडावतो आणि वाद्य लांबट, मोठ्या नळीचं वाटतं. वर नेलं तर खेळण्यातल्या पिपाणीकडे झुकतं. २०० सेंटच्या वाटेला जाऊच नका.

सोपा नियम: पेटीतला ५० सेंटच्या आतला फरक ट्यून करून भागवा, पूर्ण पट्टीचा फरक असेल तर मूळ त्या पट्टीची लायब्ररी शोधा, आणि तीही नसेल तर गाणाऱ्याला विचारा की काळी दोन सोडून काळी एक चालेल का. बुवा सहसा नाही म्हणतात, पण विचारायला काय जातं.

७. स्वरांतरं

पेटी सोबत असेल तर हा टप्पा सोडा. पेटी समान अंतरांची आहे, लायब्ररीही तशीच ठेवा.

व्हर्च्युअल हार्पसिकॉर्ड किंवा ऑर्गन सोबत असेल तर वालोत्ती ही स्वर असमान अंतरांवर जुळवायची जुनी पद्धत लावून बघा. ए स्थिर धरून समान अंतरांपासून सेंटमधले फरक असे: सी +६, सी शार्प ०, डी +२, ई फ्लॅट +४, ई −२, एफ +८, एफ शार्प −२, जी +४, जी शार्प +२, बी फ्लॅट +६, बी −४. बऱ्याच प्लेयरना स्कालाची एससीएल फाइल (स्वरांतरांची यादी असलेली) देता येते, ती सोय नसेल तर हे आकडे हाताने भरा.

यात सी-ई हा गंधार ३९२ सेंटचा होतो. समान पद्धतीत तो ४०० आणि तानपुऱ्यावर ऐकू येणारा शुद्ध गंधार ३८६. म्हणून आपल्या कानाला वालोत्ती लगेच गोड लागते.

दोन फासे आहेत. सोबतच्या प्रत्येक वाद्याला तेच आकडे द्यावे लागतात, एकाला द्यायचे आणि दुसऱ्याला विसरायचं असं झालं की एफ वर ८ सेंटची लाट उठते. आणि लायब्ररी ऐकू येणाऱ्या स्वराप्रमाणे लावलेली असेल तर सगळे आकडे एक पट्टी खाली सरकवून भरायचे, म्हणजे सी चा आकडा बी ला.

८. वाजवणं

जीभ आधी. ऑततेर या फ्रेंच वादकाने १७०७ मध्ये छापलेल्या बासरीच्या पुस्तकात 'तू' आणि 'रू' असे दोन जिभेचे बोल दिले आहेत. 'तू' कडक, 'रू' मऊ. लायब्ररीत असे दोन आघात असतील तर जलद स्वरांत ते आलटून पालटून द्या. नसतील तर कडक आणि मऊ आघात व्हेलॉसिटीने, म्हणजे पट्टी कमीजास्त जोरात दाबून, काढा. आपल्याकडे तबल्याचे बोल पाठ असणाऱ्याला हे पटकन जमतं. द्रुत लयीत तिरकिट जोरात बडवत नाहीत, तसंच.

रेकॉर्डरच्या बाबतीत व्हेलॉसिटीला आवाजाशी बांधू नका. खऱ्या रेकॉर्डरमध्ये जोरात फुंकलं की सूर चढतो, हळू फुंकलं की उतरतो, त्यामुळे वादक आवाज जवळपास सारखा ठेवतो. लहानमोठेपणा तो स्वर तोडून किंवा लांबवून भासवतो. मॉड्युलेशनचं चाक शून्यावरून पूर्ण वर नेत फुगवलेला रेकॉर्डर जाणकाराला लगेच खोटा कळतो. सीसी ११ (एक्स्प्रेशनचा मिडी आकडा) साधारण ९० ते ११० मध्ये ठेवा. ओबो आणि ट्रॅव्हर्सोला जास्त मोकळीक आहे.

कंप कायम चालू असेल तर बंद करा. बरोक काळात कंप हा अलंकार होता, लांब स्वरावर ठेवायचा. बासरीवर तो बोटाने भोकाची कड झाकून काढत, त्यामुळे सूर मूळ जागेवरून खालीच जाऊन परत येतो, वर जात नाही. एलएफओने (सूर आपोआप हलवणाऱ्या मंद लहरीने) करत असाल तर त्याला फक्त खालची बाजू द्या.

ट्रिल वरच्या स्वरापासून सुरू करा. दोन पट्ट्या आळीपाळीने दाबून केलेली ट्रिल यंत्रासारखी वाजते, कारण खऱ्या वाद्यावर तिची बोटं वेगळी असतात. मुद्रित ट्रिल असेल तर तीच घ्या.

श्वास. बासरीच्या ओळीत ८-१० सेकंदांत श्वासाची फट सोडा, आधीचा स्वर जरा लवकर सोडून. ओबोचं उलट आहे. त्याला हवा कमी लागते, ओळ लांब चालते, पण छातीत कोंडलेली शिळी हवा सोडायलाही वादकाला थांबावं लागतं. म्हणून ओबोची फट थोडी मोठी ठेवा.

९. खोली

लायब्ररीत मुद्रणाच्या खोलीचा घुमारा आधीच आहे का ते बघा. असेल तर वर आणखी रिव्हर्ब (कृत्रिम घुमारा) घालू नका. कोरडी असेल तर दीड ते दोन सेकंदांचा रिव्हर्ब आणि २० ते ३० मिलिसेकंदांचा प्रीडिले (घुमारा सुरू होण्याआधीची फट) पुरतो. चर्चच्या सभागृहात स्पीकरवर वाजवणार असाल तर रिव्हर्ब बंदच ठेवा, जांभ्याच्या भिंती आणि उंच छत ते काम फुकटात करतात.

१०. मंचावर

ऑडिओ ड्रायव्हरमधला बफर (आवाज बाहेर पडण्याआधी साठवायचे नमुने) २५६ ठेवा. ४४.१ किलोहर्ट्झवर तो ५.८ मिलिसेकंद होतो, बोटाला कळत नाही. घरी १२८ वर चाललेला लॅपटॉप मंडपात उन्हाने तापला की १२८ वर फटफट आवाज करतो.

चार्जर लावल्यावर स्पीकरमधून घूं असा आवाज आला तर चार्जर काढून बघा. थांबला तर दोष अर्थिंगचा आहे. डीआय बॉक्समधून (लॅपटॉप आणि मिक्सर यांच्यामधल्या छोट्या डबीतून) सिग्नल द्या, अर्थिंगची पिन मोडू नका. जत्रेच्या जनरेटरवर आणि ओल्या गवतावर तो खेळ जिवावर बेतू शकतो.

वायफाय आणि विंडोजचं अपडेट बंद. अवघड तुकडे आधीच ऑडिओ म्हणून काढून मोबाईलमध्ये ठेवा आणि मोबाईलची केबल मिक्सरच्या मोकळ्या चॅनलला जोडलेली राहू द्या. लाइट गेली की यूपीएस लॅपटॉप जिवंत ठेवतो, पण स्पीकर ज्या बोर्डावर आहे तोही यूपीएसवरच आहे ना, हे संध्याकाळी मांडणी करतानाच बघून घ्या.